टाळाची झिण

सापगावात कोणाच्या घरी नवा अ‍ॅम्प्लिफायर आला की दोन नारळ लागायचे. एक देवापुढे फुटायचा, दुसरा भगीरथच्या हातात जायचा. देव काही बोलत नसे, भगीरथ मात्र बोलायचा, त्यामुळे लोक देवापेक्षा त्यालाच जास्त बिचकून असत. वस्तू शहापुरातून घेतलेली असो की थेट मुंबईहून डोक्यावर आणलेली असो, भगीरथनं ‘पास’ म्हटल्याशिवाय तिच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

त्याची तपासायची पद्धतही ठरलेली. पंखा बंद, पोरांना अंगणात पिटाळायचं, स्पीकरच्या बॉक्सपासून पाच हातांवर पाट मांडायचा आणि डोळे मिटून बसायचं. खिशातून स्वतःची कॅसेट काढायची. एक्क्याण्णव सालच्या सप्त्यात देवळात भरलेली ती कॅसेट होती. शेवटचा अभंग संपतो, मृदंग थांबतो आणि गावातल्या कोंडू टाळकऱ्याच्या टाळाचा एकच ठोका एकटा मागे राहतो. तो ठोका विरत विरत जाताना जो बारीक आवाज उरतो त्याला भगीरथ ‘झिण’ म्हणायचा. शब्द त्याचाच, पण पंचक्रोशीत चालू झालेला. हलकं मशीन ती झिण मध्येच तोडतं, चांगलं मशीन शेवटापर्यंत पोचवतं, असा त्याचा सिद्धान्त. कोणी कौतुकानं म्हणालं, बेस काय दणकतो बघा, भांडी हलतात, तर तो तोंड वाकडं करायचा. “भांडी हलवायला मांजर पण पुरते. हळदीतला भोंगा वेगळा नि घरातलं मशीन वेगळं.”

एवढा कान कुठून आला, असं कोणी विचारलं की तो खुलायचा. आसनगावच्या बाजूला एका कारखान्यात तो तेवीस वर्षं पंचिंग प्रेसवर होता. पत्र्यावर दिवसभर घाव पडायचे. बाकीचे कामगार कानात कापूस कोंबायचे, भगीरथनं जन्मात कोंबला नाही. “कान बुजवला की मंद पडतो,” तो म्हणायचा, “सुरी म्यानात ठेवली की गंजते, तसं.” सुपरवायझर ओरडून थकला. भगीरथला आपल्या कानाचा असा काही अभिमान होता, की कापूस म्हणजे त्याला अपमान वाटे.

गेली तीन-चार वर्षं मात्र त्याच्या तोंडून ‘पास’ निघेनासा झाला होता. आधी दहातली सहा मशीनं तरी पास व्हायची. पुढे दोन झाली, मग एकही नाही. भगीरथ म्हणे, मालच निकृष्ट झालाय, सगळे पार्ट चिनी. मुरबाडच्या संदेशवर तर त्याचा विशेष राग. हा पोरगा आयटीआय शिकलेला, बाजारपेठेत दुकान टाकलेलं, घरात लावायचे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं जुळवायचा. त्याची चार मशीनं इकडे आली होती. एक किन्हवलीच्या जैतूकडे, तीन सापगावात. चारही भगीरथनं नापास केली आणि चारही घरांनी परत नेऊन दिली. “नाचता येईना अंगण वाकडं,” भगीरथ चारचौघांत म्हणाला होता, “पोरगं लोकांच्या कानाला दोष देतंय.” संदेशनं खरं तर कोणालाच दोष दिला नव्हता. त्यानं मशीनं मुकाट्यानं ठेवून घेतली आणि पुढे मिक्सर नि मोबाइल दुरुस्त करायला लागला.

दोन हजार पाच साली कारखान्यानं माणसं कमी केली आणि भगीरथ घरी बसला. आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं तपासली, घरात मात्र एक जुना टू-इन-वन, रेडिओ नि टेप एकात. आता मिळालेल्या पैशांतून त्यानं पहिली गोष्ट केली ती ही. मुंबईला जाऊन चांगला जपानी अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन बॉक्स आणले. बायकोनं, मीनानं, आधीच ओटा सारवून ठेवला होता. पाट मांडला. कॅसेट लागली. अभंग संपला, मृदंग थांबला, टाळ वाजला.

आणि संपला. झिण नाहीच.

त्यानं पुन्हा लावलं. ट्रेबल वाढवला. बॉक्स पुढे घेतले, मागे घेतले, भिंतीपासून हातभर सरकवले, खाली विटा घातल्या. ट्रेबल पार शेवटाला नेला तेव्हा मीना पदरानं कान झाकून म्हणाली, “अवो, किती करकरतंय. बारीक करा.”

“झिण कुठं हाय ते सांग.”

“वाजतंय की सगळं. टाळ पण वाजतोय.”

“तुला काय कळतंय गो त्यातलं?” तो खेकसला. “भाकरी कर जा.”

मीना गेली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत या विषयावर तिला कधी कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही.

आठवड्याच्या आत भगीरथ ते धूड घेऊन पुन्हा मुंबईला गेला. दुकानदारानं लावून दाखवलं, म्हणाला, “अंकल, सेट एकदम ओके है.” भगीरथ अडून बसला. गिऱ्हाईकं बघायला लागली तेव्हा दुकानदारानं कंटाळून पीस बदलून दिला. घरी आणला, पुन्हा तीच रड. पाठ मोडली, दोन दिवस गेले, हाती काय तर तोच मुका टाळ. रागानं त्याला जेवण जाईना. एवढं मोठं मशीन, एवढं नाव, नि एक टाळ धड वाजवता येत नाही!

शेवटी नाइलाजानं त्यानं मशीन पोत्यात गुंडाळलं, एसटीत घातलं आणि मुरबाड गाठलं. ज्याला चारदा नापास केला त्याच्याच दारात जायचं म्हणजे मानहानीच होती. पण आसपास मशीन उघडून बघेल असा दुसरा कोण होता?

संदेशनं “या काका” म्हटलं, चहा मागवला. मशीन उघडलं, मीटर लावला, कुठे कुठे दाबून बघितलं. मग भगीरथची कॅसेट लावली. टाळ वाजला. संदेश खाली मान घालून ऐकत राहिला. भगीरथ म्हणाला, “बघ, आली का झिण? नाय ना?”

संदेशनं मान वर केली आणि भगीरथकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, “काका, मशीन बरोबर हाय.”

“बरोबर? नि मग मला ऐकू कशी येत नाय?”

संदेशनं कॅसेट काढून त्याच्या हातात दिली.

भगीरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती, बाहेर पानवाला होता, कशाचाही विचार न करता तो सुटला. तुला स्वतःला बनवता येत नाय नि दुसऱ्याचं तपासता येत नाय, मुंबईवाल्यांना सामील हायस काय, असल्या माणसाकडं कोणी इस्त्री पण देऊ नये, असं वाट्टेल ते बोलला. संदेशनं शांतपणे झाकणाचे स्क्रू पिळले, मशीन पोत्यात बांधून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या न घेतलेल्या पैशांचाही भगीरथला राग आला.

घरी येऊन त्यानं जुन्या टू-इन-वनवर कॅसेट लावून पाहिली. त्याच्यावरही झिण नाही. मग त्याला हायसं वाटलं. सापडला चोर! मशीनचा दोष नाहीच, कॅसेट झिजली. चौदा-पंधरा वर्षं फिरतेय, झिजणारच. आता नवी भरायची, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टू-इन-वन काखेत मारून तो कोंडूकडे गेला. कोंडू सत्तरीला टेकला होता, पण टाळ तोच, पितळ झिजून गुळगुळीत झालेला. दोघं देवळात गेले. दारं लावून घेतली. भगीरथनं कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि हातानं खूण केली. कोंडूनं टाळावर टाळ मारला आणि दोन्ही हात हवेत तसेच धरून उभा राहिला.

भगीरथ थांबला. कोंडू हलेना.

“अरे, वाजव की पुढं,” भगीरथ म्हणाला.

कोंडूनं डोळे वटारले. “गप की रे! वाजतोय अजून. बोललास नि घाण केलीस सगळी.”

“कुठं वाजतोय?”

“हा काय,” कोंडू म्हणाला, आणि टाळ भगीरथच्या तोंडासमोर धरला.

भगीरथनं हात पुढे करून टाळाच्या कडेला बोट लावलं. बोटाला मुंग्या आल्या. टाळ थरथरत होता. कानात मात्र काही नव्हतं, रिकाम्या देवळाची शांतता तेवढी.

त्यानं बटण बंद केलं. टू-इन-वन उचललं आणि घरी आला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. फक्त या कळशाला भोक पडलेलं होतं, नि ते बुजवणारा मिस्त्री मुंबईतही नव्हता. तो ओट्यावर बसून राहिला. मग मीनाला हाक मारली आणि पाट तिच्यासाठी मांडला.

“बस इथं. टाळ वाजला की बोट वर कर. ऐकू यायचा थांबला की खाली घे.”

मीनानं त्याच्याकडे बघितलं, हात पुसून बसली. जुनीच कॅसेट, नवंच मशीन. टाळ वाजला, मीनाचं बोट वर गेलं. भगीरथ मनात आकडे मोजत होता. त्याच्यापुरता टाळ दोनला संपला. मीनाचं बोट अकरापर्यंत वर होतं.

कॅसेट झिजली नव्हती.

“तुला ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“मागच्या पावसात रातकिड्यांनी माझं डोकं उठवलं होतं,” मीना म्हणाली. “तुमी म्हणालात, औषधं मारून मारून यंदा रातकिडेच रायले नायत. तवाच समजले मी.”

“मग बोलली का नाय?”

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. त्याचंच वाक्य तिनं त्याच्या हवाली केलं एवढंच. मग त्याचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं आणि ती चहा टाकायला आत गेली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. कान गेला याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त छळत होते ते मागचे तीन-चार वर्षांचे निकाल. या घरी पाटावर बसून ‘नापास’ म्हणालो, त्या घरी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या, नारळ दिला, माल परत केला. राग तर मावत नव्हता, पण तो काढायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं तो पुन्हा मुरबाडला गेला. संदेशच्या दुकानात एक बाई मिक्सर घेऊन बसली होती, दोन पोरं मोबाइल घेऊन उभी होती. परवाचा तमाशा बाजारपेठेत सगळ्यांना माहीत झालेला, त्यामुळे भगीरथला बघून पानवालाही पुढे सरकला.

“संदेश,” भगीरथ मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मशीन बरोबर हाय. माझा कान गेलाय.”

संदेशनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “म्हायती हाय, काका.”

“परवा कळलं?”

“नाय. तीन वर्सांपूर्वी. जैतूच्या घरी तुमी माझं पहिलं मशीन नापास केलंत ना, तवा मी तिथंच उभा होतो. टाळ चालू असताना तुमी डोळे उघडलेत नि म्हणालात, संपला.”

“मग तोंड उघडायचं होतंस!”

“उघडलं असतं तर कोणाचं ऐकलं असतं लोकांनी?” संदेश म्हणाला. “तुमचं का माझं?”

भगीरथची नजर दुकानातल्या फळ्यांवरून फिरली.

“ती चार मशीनं कुठं हायत?”

“तीन मोडली. पार्ट रिपेरिंगला वापरले. एक हाय, जैतूचं.” संदेशनं फळीवरच्या खोक्यामागून ते काढलं, फडक्यानं पुसलं. लाकडी पेटी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, पुढच्या पट्टीवर हातानं रंगवलेली अक्षरं. तीन वर्षांपूर्वी भगीरथनं ही पेटी बघितलीसुद्धा नव्हती, डोळे मिटून बसला होता.

“लाव,” तो म्हणाला.

कॅसेट लागली. बाईनं मिक्सर मांडीवर घेतला, पोरं गप्प झाली. अभंग संपला, मृदंग थांबला, टाळ वाजला. भगीरथनं या वेळी डोळे उघडे ठेवले. एक, दोन. त्याच्यासाठी संपला. पण दुकानातलं कोणी हललं नाही. बाई मान किंचित कलती करून बसली होती, पोरं बॉक्सकडे टक लावून होती, आणि संदेशचे ओठ हलकेच मिटलेले होते. सात, आठ, नऊ. बारापर्यंत मोजल्यावर बाईनं श्वास सोडला. त्या जपानी मशीनपेक्षा एक आकडा जास्त.

“काका,” संदेशनं विचारलं. इतकी वर्षं हाच प्रश्न विचारायचा राहून गेला असावा, तसा त्याचा आवाज चाचरला. “पास का?”

भगीरथनं तोंड उघडलं. तो शब्द द्यायला तो आला होता, पण आता जिभेवर येईना. न ऐकता नापास केलं होतं, आता न ऐकताच पास करायचं? “मला ठाऊक नाय रे,” तो म्हणाला. “मला ऐकूच आलं नाय. या बाईला विचार.”

बाई गोंधळली, मग म्हणाली, “चांगलं हाय की. लई वेळ वाजला.”

संदेश हसला नाही, रडलाही नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, “आता मी नाय बनवत, काका. ते सुटलं.”

भगीरथ स्टँडवर आला. शहापूरची गाडी लागली होती. कंडक्टरनं “सापगाव ना?” म्हणून तिकीट फाडायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, “किन्हवली दे.” जैतूचं घर तिथं होतं, आणि नापास केलेल्या घरांना खरं सांगायची सुरुवात तिथूनच करायची होती.