पावणी झोपलीया

कोल्हापुरात स्वतःचं घर असताना माणूस रात्री बाहेर झोपतो, तो एक तर उसाला पाणी पाजायला, नाहीतर बायकोशी भांडून. अठ्ठ्याहत्तर साली मी बायकोलाच बरोबर घेऊन बाहेर झोपायला निघालो. आमच्या गल्लीचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

झालं असं, की बायकोला, शालूला, विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना तिची झोप घेऊन गेला. आमच्या घरामागं तालीम, समोर बँडवाल्याचं घर. पण त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या आवाजात ती वीस वर्षं झोपली होती. झोप उडवली ती भेटायला येणाऱ्यांनी. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं हा नातं तुटण्याइतका गंभीर गुन्हा आहे. त्यामुळं सगळे आले. मोसंबी घेऊन आले, पायथ्याशी बसले, आणि आपल्या सासरी-माहेरी याच तापानं कोण कोण गेलं ते सविस्तर सांगून गेले. या तापातून उठलेला माणूस एकाच्याही ओळखीचा नव्हता. शालू डोळे मिटायची. आलेल्याला वाटायचं, हिला ऐकू येत नाहीसं झालं, आणि तो आवाज चढवायचा.

पुढं पुढं ती दुधात मीठ घालू लागली. एका सकाळी तिनं सख्ख्या बहिणीला ओळखलं नाही. त्या दिवशी मी थट्टा करायची सोडली.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी येते ती झोप नव्हे, गुंगी. हिला चार दिवस माणसं नसतील तिथं न्या. झोप आली तर ठीक. नाहीतर मिरजेच्या इस्पितळात न्यावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही."

माणसं नसतील अशी जागा मी काढायची म्हणजे मोठीच पंचाईत होती. मी धावलो इलाहीकडं. इलाही माझा लहानपणापासूनचा मित्र. मांडव-शामियान्याचा धंदा, आणि वरातीला भाड्यानं द्यायची एक जुनी अँबेसडर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आण्णा, गाडी हाय, कापड हाय, मी हाय. वैनींना बसवा गाडीत. जागा हुडकायचं काम माझं."

पहिली जागा त्यानं काढली कळंब्याच्या तलावाच्या पलीकडच्या काठाला.

"हितं कोन येतंय?" तो म्हणाला. "जेलच्या शेजारी मुद्दाम कोन येत न्हाय."

आम्ही स्टोव्ह पेटवला. चहाला आधण येतंय तोवर शालूचे मावसकाका बांधावरून येताना दिसले. हातात पिशवी, पिशवीत मोसंबी.

"घरी गेलतो," काका म्हणाले. "कळलं हिकडं हायसा. बरं झालं, घरापेक्षा मोकळं बसाय मिळतंय."

आणि ते मोकळं बसले. त्यांच्या मागून आणखी दोघं येताना पाहून इलाहीनं तंबूचे दोर सोडायला घेतले.

दुसरी जागा पन्हाळ्याच्या पायथ्याला, आंब्याच्या झाडाखाली. जागा उत्तम होती. चूक कापडाची झाली. कळंब्याला काठच्या चिखलात तंबूचं कापड भिजलं होतं, म्हणून इलाहीनं डिकीतून दुसरं काढलं: लाल-पिवळ्या पट्ट्यांचं, कडेनं झालर असलेलं.

"नवंकोरं हाय," तो म्हणाला. "ह्यात एकच लगीन झालंय."

दुपारी समोरच्या वाडीतून फेटे बांधलेली माणसं येऊ लागली. येऊन ओळीनं सावलीत बसली. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "मुलीकडचं का मुलाकडचं?"

"आम्ही नवरा-बायको आहोत," मी म्हणालो.

"ते दिसतंयच की. पर लगीन कुनाचं हाय?"

लग्न कुणाचंच नाही, हे त्यांना पटवायला संध्याकाळ झाली. पटल्यावरही कुणी रागावलं नाही. आहेराला आणलेलं माघारी कसं न्यायचं, म्हणून त्यांच्या बायकांनी शालूची खणानारळानं ओटी भरली. प्रत्येकीनं तिच्याशी थोडं थोडं बोलून घेतलं. शालू प्रत्येकीकडं पाहून हसली. पण गाडीत बसल्यावर काचेला डोकं टेकून मला म्हणाली, "अहो, मला मिरजेलाच न्या. तिथं भेटायच्या वेळा तरी ठरलेल्या असतात."

इलाहीनं गाडी सुरू केली, पण मिरजेच्या दिशेनं नाही.

तिसऱ्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही गाडी काढाल. उजाडता उजाडता तिथं पोचलो. डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणावर एक सपाट माळ. खाली ऊस, दूर गुऱ्हाळाचा धूर. या वेळी खाकी कापड, लष्करातून लिलावात आलेलं. झालर नाही, पट्टे नाहीत. लांबून पाहणाऱ्याला तंबू आहे की खडक आहे हे कळू नये असा.

शालूला घोंगडीवर निजवलं. मी बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होतो. म्हटलं, आता मात्र जमलं.

तेवढ्यात अख्खं गाव माळावर चढून आलं.

या वेळी फेटे नव्हते, काठ्या होत्या. पुढं गुऱ्हाळाचा मालक आकाराम. त्यानं रामराम न घालता तंबूची एक खुंटी उपटली.

"मोजणीवालं हायसा न्हवं?"

खाली धरण होणार आणि वरची गावं बुडणार, अशी आवई त्या खोऱ्यात उठली होती. मोजणीवाले येतात, नदीकाठची निवांत जागा बघून खाकी तंबू ठोकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी मोजणीवाला नाही," मी म्हणालो.

"समदी असंच म्हनत्यात."

"माझ्याकडं साखळी नाही, दुर्बीण नाही. बघा पाहिजे तर."

"मग घरदार न्हाय व्हय तुमाला?"

"आहे. कोल्हापुरात."

"घर हाय आनि हितं झोपायला आलाय?" आकारामनं मागं वळून गावाला विचारलं, "हाय का कुनाला पटत?"

कुणालाच पटलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, ऐकायला पटण्यासारखं वाटलं नाही. दुसरी खुंटी निघाली. इलाही मध्ये पडला, "ओ पावणं, तंबू माझा हाय, आनि आत आजारी बाईमानूस हाय!" त्यावर सगळेच एकदम बोलू लागले. त्या भागातली माणसं एका वेळी बोलतात तेव्हा ती भांडतायत की विचारपूस करतायत, हे परक्याला कळत नाही. मी परका नव्हतो. ती भांडत होती.

"माझ्या बायकोला झोप येत नाही हो," मी ओरडलो. गर्दीत ऐकू जायला ओरडावंच लागलं. "महिना झाला. माणसं नसतील तिथं न्या म्हणाले डॉक्टर. म्हणून आलोय."

"मानसं नसतील तितं?" आकाराम म्हणाला. "आनि मग आमी कोन हाय?"

गर्दीतून एक बाई पुढं आली. चिमणाबाई. सावळी, उंच, कपाळाला ठसठशीत कुंकू. आकाराम तिचा धाकटा दीर, हे मला त्यानं तिला वाट करून दिली त्यावरून कळलं. ती मला काही न विचारता तंबूत शिरली. मग ती बाहेर आली.

"डोळं बघिटलं तिचं," ती म्हणाली. "आमची तानी बाळंतपनात गेली तवा तिचं असंच झालतं. आकाराम, खुंट्या ठोक."

"पर वैनी, मोजणी..."

"खुंट्या ठोक म्हनलं न्हवं! हातानं ठोक, धोंडा नको. आनि गप बसा समदी! पावणीला झोप पायजे!"

ती हे इतक्या मोठ्यानं म्हणाली, की नदीवरचे बगळे उडाले. त्या माळावरचा तो त्या दिवसाचा शेवटचा आवाज.

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगितल्यावर लोक हसतात. मी आयुष्यभर लोकांना हसवायला खोटं लिहिलं, त्यामुळं माझी तक्रार नाही. पण हे खरं आहे.

गुऱ्हाळातलं ऊस गाळायचं इंजिन बंद झालं. काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, चढलेला रस तेवढा गूळ होऊन उतरला. तोडलेला ऊस पडून राहिला. ऊस पडून राहिला की वजन उतरतं, हे मला माहीत होतं. मी आकारामला म्हणालो, "तुमचं नुकसान होतंय." तो माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "ऊस काय पळून जातोय व्हय?" बैलांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबल्या गेल्या. गाड्या माळाखालून जायच्या, तेव्हा गाडीवान खाली उतरून बैलांच्या तोंडाजवळून चालायचे, म्हणजे हाकारायला नको. कोंबडे वेताच्या पाटीखाली गेले. शाळेतल्या मास्तरांनी मुलांना पाढे मनात म्हणायला लावले, आणि मुलं ओठ हलवून मनातसुद्धा चुकत होती. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक न मारता, चालत जाऊन कानात निरोप सांगणारा आमच्या भागातला माणूस मी तिथं पहिल्यांदा पाहिला.

इलाहीला घरी निरोप द्यायला कोल्हापूरला जायचं होतं. अँबेसडर सुरू होताना काय आवाज करते, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. लगेच गावातल्या तरण्या पोरांनी गाडीला खांदा लावला आणि डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेली. इलाही स्टिअरिंगवर बसून डोळे पुसत होता. नंतर मला म्हणाला, "धूळ गेलती." गाडीच्या काचा बंद होत्या.

चिमणाबाई तंबूच्या दाराशी बसून राहिली. मांडीवर सुपात तांदूळ, पण ती पाखडत नव्हती, बोटांनी एकेक खडा वेचत होती. दिवस कलला तेव्हा तिनं मला खुणेनं बोलावलं आणि कापड बोटभर बाजूला केलं. शालू कुशीवर वळून झोपली होती. तोंड थोडं उघडं. ती बारीक घोरत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्या आवाजाबद्दल तिला पुष्कळ बोललो असेन. त्या वेळी मला वाटलं, बँडवाल्याला बोलावून हा सूर शिकून घ्यायला सांगावं.

मला आकारामच्या घरी जेवायला आणि झोपायला नेलं. मुकाट्यानं जेवलो. मुकाट्यानं केलेल्या आग्रहाला तोंडानं नाही म्हणता येत नाही, म्हणून जास्तच जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर शालू बाहेर आली. गालावर घोंगडीची नक्षी उमटलेली. तिनं माळाकडं, उसाकडं, दूर मुकाट्यानं उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं, आणि घाबरून मला विचारलं, "अहो, गावात कुणी गेलंय का?"

"कोन न्हाय गं बाई गेलं!" चिमणाबाई म्हणाली. मग उठून तिनं गावाकडं तोंड केलं. "उठलीऽऽ! पावणी उठलीऽऽ!"

आणि कालपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. इंजिन भकभकायला लागलं, कोंबडे पाटीबाहेर येऊन वेळ नसताना आरवले, मुलं सत्तावीसचा पाढा ओरडत माळावर आली. कुणी दूध आणलं, कुणी ताजा गूळ, कुणी भाकरी-मेथी. शालूनं मागून भाकरी खाल्ली. मग बोट चाटून म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय हो मेथीत." मी चिमणाबाईपुढं हात जोडले.

"ह्ये काय आनि?" ती म्हणाली. "झोप काय मी शिवून दिली व्हय? तिची तिला आली. हात सोडा, आनि जेवा."

सगळे शालूभोवती बसले आणि एकदम बोलू लागले. त्यात आकारामचा आवाज वर निघाला. त्याच्या म्हशीची गोष्ट. गाभण म्हैस, विहिरीत पडलेली, दोर बांधलेला, निम्मं गाव ओढतंय, आणि कठड्यावर घासून दोराचा एकेक पीळ तुटतोय. आकाराम उभा राहून दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवत होता. "आनि म्हैस अशी वर आलीया, शिंगं दिसाय लागल्यात, तेवढ्यात..."

चिमणाबाईनं बोट वर केलं.

शालू तंबूच्या काठीला टेकून झोपली होती.

आकारामचं तोंड उघडंच राहिलं. खाली गुऱ्हाळाकडं कुणीतरी पळत गेलं आणि इंजिन थांबलं. माणसं एकेक करून उठली. आकारामनं हातातला नसलेला दोर अलगद जमिनीवर ठेवला, पायताणं काखेत मारली, आणि चवड्यांवर चालत माळ उतरून गेला.