पलीकडच्या खोलीपर्यंत

संगणकाच्या पाठीमागे, जिथे तार खुपसतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा होता. घड्याळजी रोज दुपारी जेवण झालं की संगणक हातभर पुढे ओढत आणि त्याच्या पाठीकडे खुर्ची टाकून बसत. पडदा त्यांनी क्वचितच पाहिला असेल. त्यांचं सगळं बोलणं त्या दिव्याशी.

आठ महिन्यांपूर्वी लेक परगावी नोकरीला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तिने हे यंत्र बसवलं. "बाबा, मागचा दिवा हिरवा असला की जोडणी आहे समजा," एवढंच तिने सांगितलं. आता जन्मभर घड्याळं उघडलेल्या माणसाने यातून काय समजावं? घड्याळात काटा सरकतोय म्हणजे पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत सगळे दाते एकमेकांत अडकलेले असतात. मधला एक दाता सुटला तरी काटा जागचा हलत नाही. तेव्हा दिवा लुकलुकतोय म्हणजे थेट लेकीपर्यंत सगळं जुळलेलं आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. तर्क बिनचूक होता. फक्त तो घड्याळाचा होता.

संध्याकाळी दिवा भराभर लुकलुकला की ते म्हणत, आली घरी. दुपारी संथ असे, म्हणजे कामात असेल. पेंगता पेंगता खोली हलकी होई, भिंती दूर दूर जात आणि त्या लुकलुकण्यात तिची पावलं ऐकू येत, एकेक पायरी गाळून जिना चढणारी. अशाच एका दुपारी त्यांनी तिची माफी मागितली. निघताना ती बॅग घेऊन दारात उभी होती आणि हे डोळ्याला भिंग लावून कुणा परक्याचं घड्याळ उघडून बसले होते. जाऊ नको म्हटलेलं तिने ऐकलं नाही, म्हणून मान वर केली नव्हती. ते सगळं त्यांनी दिव्याला सांगितलं. दिवा लुकलुकला. त्यांना वाटलं, मिटलं. फोन तेवढा कुणीच केला नव्हता. घड्याळजींना गरज वाटेना, आणि लेक म्हणजे शेरास सव्वाशेर.

मग एका मंगळवारी दिवा विझलेला दिसला. घड्याळजींच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीला काहीतरी झालं, याखेरीज दुसरं काही मनात येईना. फोन लावायचा धीर होईना, कारण तो परक्या माणसाने उचलला तर? शेवटी त्यांनी जोडणी दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाईंनी खाली बसून तार जराशी ओढली, तर ती अलगद हातात आली. "टोकाचा खटका तुटलाय, काका. केर काढताना झाडू लागला असेल." त्यांनी नवं टोक बसवलं, तार टक् करून आत गेली आणि दिवा लागला.

घड्याळजींनी डोळे पुसले. "म्हणजे ती बरी आहे ना?"

"कोण?"

त्यांनी सांगितलं. संगणकाची तार पलीकडच्या खोलीतल्या जोडणीच्या डब्यात जात होती. बाई उठून त्या खोलीत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "बाहेरून येणारी तार मी डब्यातून काढलीय. दिवा आहे का?"

"आहे की. छान हिरवा."

"तेच सांगतेय, काका. आता घराबाहेरचं सगळं तुटलंय, तरी तो आहेच. तो फक्त या डब्यापर्यंतचं सांगतो."

घड्याळजी चालत तिथवर गेले. बारा पावलं भरली.

"आणि मी बोललो ते?"

"ते तर डब्यापर्यंतसुद्धा नाही आलं." बाईंना हसू येत होतं, ते त्यांनी गिळलं. तार परत लावली. "फोन करा," एवढं म्हणून त्या गेल्या.

घड्याळजींना स्वतःची लाज वाटली. किती नेमकी वाक्यं जमली होती या महिन्यांत, आणि त्यातलं एक अक्षर पोचलं नव्हतं. तिच्या लेखी बाप अजून मान खाली घालून बसलेलाच होता. त्यांनी फोन लावला. दोनदा वाजला.

"हॅलो." तिचाच आवाज. सुखरूप.

जमलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"मी बोलतोय. त्या दिवशी मान वर करायला हवी होती. चुकलं माझं."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. घड्याळजी कान लावून बसले. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही.