कुंभारीण माशीचं चित्र

बालीगंजच्या फ्लॅटमध्ये केयूररावांनी भिंतभर कीटकांची चित्रं लावली होती. जुन्या विज्ञानग्रंथातल्यासारखा पिवळट कागद, खाली लॅटिन नावं. लेक-जावयाकडे पहिल्यांदाच आलेल्या सरलाबाई एका चित्रापाशी थबकल्या.

"अगं यामिनी, ही तर कुंभारीण माशी! पायात अळीसुद्धा आहे. बुवा कीर्तनात किती रंगून सांगतात, अळी माशीचा ध्यास घेते आणि शेवटी माशीच होऊन जाते. देवाचा ध्यास असा हवा. आणि संसारात नवऱ्याचा."

"तसं नसतं गं आई," यामिनी हळूच म्हणाली. "माशी तिला डंख मारून लुळी करते, घरट्यात कोंडते. मग माशीची पिल्लं तिला जिवंतपणीच खातात. केयूरनंच सांगितलं, हसत हसत."

सरलाबाई चित्रापासून दूर झाल्या. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"तुझी बाजाची पेटी कुठंय गं?"

"त्याला आवाज नको असतो. गाणं सोडलं मी. मैत्रिणींचे फोनही."

तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि यामिनीचे खांदे आखडले. सरलाबाईंनी ते पाहिलं.

"पांडुरंगा," त्या पुटपुटल्या आणि पदर खोचून दाराकडे निघाल्या. "जा, तू बॅग भर. त्यांच्याशी मी बोलते."