पी. पी. नंबर

आमच्या मराठी शाळेच्या बॅचनं देशपांडे नगरात प्रभंजनच्या घरी जमायचं ठरवलं होतं. ‘मोबाईलशिवाय एक संध्याकाळ, आपल्या जुन्या दिवसांसाठी.’ आमंत्रण आलं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दारातच त्याची बायको वैशाली पितळी घंगाळ घेऊन उभी होती. आवाज बंद करून फोन त्यात टाकायचा. माझा हात खिशातून निघेना.

“पोरीचे दिवस भरलेत,” मी म्हणालो. “पद्मा बेळगावला लेकीजवळ आहे. सकाळपासून दीपश्रीची कंबर दुखतेय म्हणत होती.”

“डॉक्टरांनी पुढचा आठवडा सांगितलाय, असं तूच ग्रुपवर टाकलंस की,” प्रभंजन आतून म्हणाला. “टाक रे यशपाल. आजोबा व्हायच्या आधी एक दिवस पोरगा हो.”

सगळे हसले. मी टाकला. तारिहाळच्या कारखान्यात मॅनेजरच्या तोंडावर बोलणारा माणूस मी, पण त्या उंबऱ्यावर आलो की जीभ अजून चौदा वर्षांची होते.

आत चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी आणि आठवणी. लगोरी. भाड्याची सायकल. रविवारी सगळ्या गल्लीनं एका टीव्हीसमोर बसणं. बसणं म्हणे. प्रभंजन कोचावर बसायचा, मी खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभा असायचो. गज गार होता, एवढंच मला त्या कार्यक्रमांतलं आठवतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर घंगाळ ठेवलं होतं. अधूनमधून ते गुरगुरायचं. पितळेत फोन थरथरला की सगळं भांडंच बोलतं, कुणाचा ते कळत नाही. मी उठलो.

“सुम्क कुंद्रो,” प्रभंजननं माझा खांदा दाबला. “गप बस की रे. पूर्वी कुठं होते खिशात फोन? तरी सगळ्यांचं चाललंच ना?”

मी बसलो. भजी हातात तशीच. घंगाळ पुन्हा गुरगुरलं, थांबलं, लगेच परत सुरू झालं. असं लागोपाठ कोण करतं? ज्याला घाई असते तो.

तेवढ्यात प्रभंजननं टीपॉयवरचं विणलेलं झाकण उचललं. खाली त्यांचा जुना काळा फोन. तबकडीला अजून ते छोटं कुलूप.

“गल्लीतला पहिला फोन,” तो म्हणाला. “आमच्या अप्पांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. सगळ्यांचा पी. पी. नंबर हाच. यशपाल, तू सांग. तुझ्या आईचे फोन इथंच यायचे की नाही?”

पी. पी. नंबर म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि नंबर आपल्या कागदावर. माझ्या आईनं, बाळाबाईनं, तो नंबर माझ्या बहिणीच्या सासरी मोठ्या विश्वासानं दिला होता. ह्याच घरातली भांडी घासायची ती.

मी उभा राहिलो.

“यायचे,” मी म्हणालो. “आई अंगणात उभी राहायची आणि तुझी आई गजांतून रिसीव्हर बाहेर द्यायची. वायर पुरायची नाही, म्हणून आई गजाला गाल लावून बोलायची. नंतर तुझी आई फडक्यानं रिसीव्हर पुसायची. ते फडकं कुठाय रे? ते नाही जपून ठेवलंस?”

कुणीतरी खोकलं.

“यशपाल, आज कशाला ते,” वैशाली म्हणाली.

“त्यानंच सांग म्हटलं. सुकन्या, माझी अक्का, बेळगावला बाळंतपणात अडली. दाजींनी संध्याकाळी इथं फोन केला. आईला पाठवा, ती नाव घेतेय. तुझ्या अप्पांनी बरं म्हटलं आणि ठेवला. दिवेलागणीला गल्लीमागच्या आमच्या वस्तीत कोण येणार? सकाळी आई भांड्यांना आली, तेव्हा तुझ्या आईनं सांगितलं. तेही अगोदर भांडी झाल्यावर. आई पोहोचली तेव्हा अक्का गेलेली, तिला बाहेर काढून ठेवलं होतं.”

प्रभंजनचा चेहरा उतरला. “मला हे माहीत नव्हतं रे. देवाशप्पथ.”

“तुला कसं माहीत असणार? निरोप आमचा होता. फोन तुमचा होता.”

घंगाळ परत सुरू झालं. मी सरळ जाऊन त्यात हात घातला. सगळे फोन एकसारखे काळे, कुणाचे काय कळेना. दोन खाली पडले, कुणीतरी “अरे अरे” म्हणालं. थरथरणारा हाताला लागला. पद्मा.

“बाहेर जाऊन बोल, इथं रेंज नसते,” प्रभंजन म्हणाला. सवयीनंच म्हणाला असेल.

“इथंच बोलतो,” मी म्हणालो आणि त्या हॉलच्या मधोमध उभा राहिलो.

“कुठं होतास?” पद्मा रडत नव्हती, तिचा आवाज कोरडा पडला होता. “कधीची लावतेय. बाळाचे ठोके कमी झालेत. आत्ता ऑपरेशनला घेतायत. रक्त लागेल म्हणतात, तिचा गट तुझाच आहे. ती विचारतेय, पप्पा कुठायत.”

“निघालो म्हणून सांग तिला. आत नेण्याआधी सांग.”

“सांगते. ये तू.”

फोन मी कानावरून काढला, पण मुठीतून सोडला नाही. हॉलमध्ये पोरगं व्हायला आलेली सगळी माणसं आपापल्या वयाची झाली होती. जुन्या बसस्टँडला जायचं, बस बघायची, धारवाडच्या पुढं बेळगावपर्यंत ती किती ठिकाणी थांबेल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम फिरायला लागलं.

प्रभंजननं भिंतीच्या खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. माझ्याकडं न बघता म्हणाला, “मी सोडतो. हायवेनं लवकर पोहोचू.”

नको म्हणावंसं वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण माझ्या रागाची किंमत दीपश्रीनं का द्यायची? माझ्या आईला त्या सकाळी कुणी गाडी विचारली नव्हती. ती बसमध्ये उभी राहून गेली, ओल्या हातांनी.

“काढ,” मी म्हणालो. “आणि वाटेत बोलू नकोस. फोन आला तर मला ऐकू आला पाहिजे.”