देव राहू दे, माणसं काढ

मी एक जुना मोबाईल आहे आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला तुम्हा माणसांची किळस आली आहे. माझ्या काचेला तडा गेलाय, पाठीचं झाकण रबरानं आवळलंय आणि तोंडात कुंकवाचा गोळा बसलाय. जळकोटातल्या एका घराच्या खणात मी पडून असतो. एका बाजूला फुगलेले सेल, दुसऱ्या बाजूला केस अडकलेला कंगवा. शी! कुणाशेजारी निजायची वेळ आली बघा. पण आलात तसे ऐकून जा.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या पोरींनी मला जोडलं. तेवढे स्वच्छ हात पुन्हा जन्मात भेटले नाहीत. उदगीरच्या दुकानातून रविकिरणनं मला घरी आणलं. त्याचं जळकोटात किराण्याचं दुकान. त्याच्या आईनं, नीलाबाईनं, मला उंबऱ्यात ओवाळलं, कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. मला वाटलं, चांगल्या घरी पडलो. दुसऱ्या दिवसापासून रविकिरणची बोटं सुरू झाली. गुळाची बोटं, तेलाची बोटं, मिरचीच्या पुड्या बांधलेली बोटं. तसाच कानाला लावायचा. कान तरी धुवावा माणसानं!

तरी माझ्या आयुष्यात अभिमानाचा एक दिवस होता. तो दिवस रविकिरणच्या लग्नाचा.

नीलाबाईची थोरली बहीण नागम्मा कर्नाटकात, औरादकडं दिलेली. दोघी बहिणींत एका तपाचा अबोला होता. कारण काय, तर भावाच्या लग्नात नागम्माला काठपदराचं लुगडं आणि नीलाबाईला साधं. मानपान म्हणजे या लोकांचा जीव की प्राण. लग्नाचं बोलावणं नागम्माला गेलंच नव्हतं. तरी ती आली. नीलाबाई जेवायला बसेना, तर ही ताट घेऊन तिच्या पुढ्यात बसली आणि हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, घास पुढं केला.

"तिन्नु, तंगी." म्हणजे खा गं, धाकटे.

"माझं पोट तुझ्या काठपदरानंच भरलंय," नीलाबाई तोंड फिरवून म्हणाली.

"ते कवाच फाटलं गं. पायपुसणं केलं त्याचं. तू अजून नेसूनच बसलीस व्हय?"

नीलाबाईला हसू फुटलं. तोंड उघडलं तेवढ्यात नागम्मानं घास आत कोंबला. त्याच वेळी रविकिरणनं मला दाबलं. लग्नाचा फोटोग्राफर तेव्हा पंगतीत बसून तिसऱ्यांदा हुग्गी मागत होता, म्हणून तो फोटो अल्बमात नाही. तो एकट्या माझ्याकडं होता. नागम्माचं हसू, नीलाबाईचे फुगलेले गाल, मधे हात. पुढं कितीतरी दिवस नीलाबाई आल्यागेल्याला तो दाखवायची. मी पण काच चमकवायचो.

मग रविकिरणला नवा फोन आला आणि मी नीलाबाईच्या वाट्याला आलो. "फोटो नव्यात घ्यायचे हायत, घेऊ कवातरी," असं तो म्हणाला. ते कवातरी काही आलं नाही.

इथून माझी खरी विटंबना सुरू झाली, मित्रांनो. रोज सकाळी माझ्यात देव यायचे. गुलाबावर देव, चहाच्या कपावर देव, उगवत्या सूर्यात देव, खाली चकचकीत अक्षरात शुभ सकाळ. एकच देव चार नात्यातल्यांकडून चारदा. नीलाबाईला अक्षरं जोडून जोडून वाचता येतात, पण देव बघितला की वाचायची गरजच नाही. ती अंघोळ करून यायची आणि काचेवर ओलं हळदीकुंकू लावायची.

"आत्याबाई, फोन खराब होईल," सून दामिनी म्हणायची.

"दारात आलेल्या देवाला कोरडंच धाडू का?"

कुंकू ओघळून माझ्या चार्जिंगच्या भोकात जायचं. वर बोटाचं तेल, खाली हळदीचा चिखल. मला ओकारी यायची, पण ओकायला तोंड कुठं मोकळं होतं?

एके दिवशी माझं पोट गच्च भरलं. नवा देव आत येईना. दामिनी म्हणाली, "जागा भरली. हे गुलाब काढून टाकते."

"हात लावून तर बघ! देवाला पुसतीस व्हय गं? पाप कुणाच्या माथी?"

"मग काय काढू?"

"माणसं काढ. लग्नातली ती गर्दी काढ की. निम्मी तर जेवून, वर नावं ठेवून गेली."

"समदी?"

"समदी. देव राहू दे, माणसं काढ."

दामिनीनं मला दाबलं. अख्खा मांडव माझ्या पोटातून उठून गेला. नीलाबाईनं नव्या गुलाबाला कुंकू लावलं आणि मला कपाळाला टेकवलं. मला त्या वेळी एवढा तिटकारा आला की हातातून उडी मारावी वाटलं.

आता एक गोष्ट नीट ऐका. पुसलेला फोटो लगेच मरत नाही. ही जागा मोकळी, एवढी खूण फक्त मी करतो. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत फोटो तिथंच असतो, पांघरूण घेऊन निजल्यासारखा. तेव्हाच कुणी मला बंद करून जाणत्याकडं नेलं असतं, तर सगळं परत आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देव आले, तिसऱ्या दिवशी आले आणि मोकळी दिसेल त्या जागेवर बसत गेले.

पुढं थोड्याच दिवसांत नागम्मा गेली. तिच्या घरी नीलाबाईचाच तेवढा नंबर होता. त्यांनी फोनावर फोन केले, पण माझ्या भोकात कुंकू घट्ट बसलेलं, चार्जिंग होईना. मी मेल्यागत पडून होतो. शेवटी एका जीपवाल्याबरोबर निरोप आला. हे लिंगायत लोक, मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि पुरतात. तोंड उघडं असतं, सगळ्यांना शेवटचं बघायला मिळतं. नीलाबाई पोचली तेव्हा खड्ड्यावर माती सारखी करून बेलाची पानं ठेवलेली होती.

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा प्याली नाही. म्हणाली, "दामिनी, तो फोटो दाव. घास भरवतानाचा."

दामिनी म्हणाली, "आत्याबाई... तुम्हीच म्हणला होता..."

नीलाबाई तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी तिनं मला उचललं आणि काचेवरचं कुंकू पदरानं पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना मला घेऊन उदगीरला निवृत्तीच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. गाल भरून गुटखा, तोंडातून लाळेची तार. असल्या हातांत माझा जीव दिला. त्यानं टाचणीनं माझं तोंड टोकरलं.

"काकू, फोनात हळदीकुंकवाचा कार्यक्रम केलता काय?"

"आधी तोंडातलं थुंकून ये. मग बोल माझ्याशी."

तो खरंच थुंकून आला. मी काही चालू झालो नाही, तेव्हा त्यानं माझ्या पोटातलं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. एकेक फोटो वर येऊ लागला. वरच्या अंगाला मांडवाची झालर, खाली नुसता राखाडी पट्टा. कुणाचा फेटा, खाली राखाडी. घासाचा फोटो तर उघडेचना.

"हे पुसल्या दिवशीच फोन बंद करून आणायचं असतंय, काकू. तुमी तर त्या जागेवर रोज नवं भरून राहिला."

"काय भरलं मी?"

"हे बघा की. गुलाब."

नीलाबाईनं पडद्यावरच्या गुलाबावर बोट टेकवलं. मग हळू म्हणाली, "म्हंजे माझ्या अक्काच्या तोंडावर बसवून मी रोज पूजा केली."

दामिनीनं तिचा हात धरला. नीलाबाईनं झटकला नाही.

मित्रांनो, मोठ्या फोटोची एक बारकी नक्कल मी त्याच कार्डात गुपचूप ठेवतो. तेवढी वाचली होती. बोराएवढी. निवृत्तीनं ती ताणून पाटीएवढी केली, तर नागम्माच्या तोंडाचे चौकोन चौकोन होऊन विटांची भिंत झाली.

"फ्रेम करू काय? लांबून बघितलं की दिसतंय."

"न्हाई. भिताडाला कोण भरवंल? हाय तेवढंच दे."

निवृत्तीनं तेवढाच कागदावर छापून दिला. घरी येऊन नीलाबाईनं कात्रीनं तो फोटो गोल कापला आणि कुंकवाच्या करंड्याच्या झाकणातल्या आरशावर चिकटवला. तो तिथं बरोब्बर बसला. दामिनीला म्हणाली, "सकाळचे देव बंद करा म्हणावं समद्यांना. माझा देव देव्हाऱ्यात हाय, त्याला जागेची कमी न्हाई."

तर मित्रांनो, हात धुऊन फोन धरा. आपली माणसं दोन ठिकाणी जपून ठेवा. चुकून पुसली गेलीच, तर वर दुसरं काही भरू नका, फोन लगेच बंद करून खाली ठेवा. देवाला जागा करायला माणूस हलवू नका, देवानं तसं मागितलेलं नाही. तुम्ही ऐकणार नाही, मला माहीत आहे.

रोज सकाळी खणाच्या फटीतून मला करंड्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. कुंकू लावायला आता नीलाबाईला आरसा लागत नाही, अंदाजानं लावते, थोडं वाकडं जातं. मग भाकरीचा पहिला तुकडा मोडून ती झाकणापुढं धरते.

"तिन्नु, अक्का."