बाई काय म्हणाल्या

राष्ट्रगीत संपता संपता नीलार रांगेतच खाली कोसळली. आदल्या संध्याकाळी खाल्लेल्या पाकिटातल्या शेवयांशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं.

वर्गातली माखाम धावत आपला डबा घेऊन आली. ती थायलंडमधल्या या महाचाईतच जन्मलेली, नीलार दोन वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून आलेली.

"घे, अंडं खा. आई रोज कोंबते मला. तुझी बरी मजा आहे, कोणी मागेच लागत नाही!"

नीलारनं मुकाट्यानं अंडं खाल्लं. गावी थोरली मावशी तिच्या मागे लागायची. भात आणि उकडलेले वाटाणे पुढ्यात ठेवायची आणि ताट रिकामं होईपर्यंत हलायची नाही. मग दिवसभर ओढ्यात डुंबायचं, झाडावर चढायचं. इथं आई अंधारातच कोळंबी सोलायच्या कारखान्यात जायची. शाळा सुटली की नीलारनं खोलीला आतून कडी घालायची आणि आई येईपर्यंत फोन बघत बसायचं. तिनं एकटीनं बाहेर पडलेलं आईला खपत नसे.

बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई कामावरून तशीच आली, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. तिला थाई येत होती ती बाजारापुरती.

"मुलीला उपाशी पाठवू नका," बाई म्हणाल्या. "फोन कमी करा, जरा खेळू द्या, रात्री लवकर झोपवा. नीलार, सांग आईला."

नीलारनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"बाई म्हणतात, सकाळी आईनं मुलीजवळ बसून जेवावं."

"एवढं बोलल्या त्या, आणि एवढंच?"

"हो, अमे," नीलार आईला म्हणाली. "एवढंच."

आईनं बाईंना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच तिनं नीलारला हलवलं. "ऊठ. बाईंनी सांगितलंय ना?"

भात होता, वाटाणे होते. आई भराभर जेवत होती, पण शेजारी बसून.

"मावशी असंच करायची," नीलार म्हणाली.

"तिला मीच शिकवलं. आता भाव खाते!" आई हसली. तेवढ्यात कारखान्याच्या ट्रकचा भोंगा वाजला आणि ती तोंडातला घास घेऊनच पळाली.

नीलारला पुन्हा चक्कर आली नाही. पण वर्गात डोळे मिटायला लागले.

"लवकर झोपवायला सांगितलं होतं मी," बाई म्हणाल्या. "आईला सांगितलंस ना?"

"सांगितलं, बाई."

त्या दिवसापासून ती अंधार पडताच फोन बंद करून झोपू लागली. गाल भरले. पण आई परत यायची तेव्हा ती गाढ झोपेत असायची. पूर्वी निदान रात्री आईच्या कुशीत शिरता यायचं, आता तेही गेलं. उरली ती सकाळची भोंगा वाजेपर्यंतची वेळ.

एकदा रस्त्यावर पाणी भरलं आणि ट्रक वेळेवर आला नाही. ताटं रिकामी झाली. मग आईनं तिला पुढ्यात ओढलं आणि तिची वेणी घालायला घेतली. नीलार श्वास रोखून बसली. वेणी अर्धी झाली आणि भोंगा वाजला.

शाळेत माखामनं पाहिलं. "ही कसली गं वेणी? ये, नीट घालून देते."

"नको," नीलार म्हणाली आणि तिनं केसांवर हात ठेवला.