ऑसिलोस्कोप मुरुडला जातो

भीमाशंकरला त्या पेटीतून मिळवायचं होतं ते एवढंच: गुरुबसप्पांचा होकार, आणि होकारापाठोपाठ त्यांची रुद्राणी. जाणार होता तो उजवा खांदा. नव्या जिल्ह्याच्या लातुरात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बरं चालत होतं, पण मुरुडच्या गुरुबसप्पांना पेचकस घेऊन बसणारा जावई पसंत नव्हता. म्हणून मुलगी बघायला जाताना त्यानं नांदेडच्या भंगारातून उचललेला जुना ऑसिलोस्कोप बरोबर घेतला. विजेचं चढणं-उतरणं पडद्यावर दाखवणारं हे यंत्र म्हणे कुठंही नेता येतं; म्हणजे बनवणाऱ्यानं वर एक मूठ बसवली आणि वजनाचा विषय सोडून दिला.

ओसरीवर बटण दाबताच हिरवी रेघ पाण्यासारखी हलायला लागली. चहाआधी निम्मं गाव जमलं. पाऊस पुन्हा चुकला होता, आड कोरडे होते. जिल्ह्याच्या गावाहून आलेली पेटी आणखी कशासाठी असणार?

"कुठं हाय म्हणतंय पाणी?" शेजारच्या मलप्पानं विचारलं.

गुरुबसप्पा एकदम खुलले. "पावणं, परसात दाखवा. तुम्ही बोट ठिवा, आजच सुपारी फोडू."

भीमाशंकरनं परसाकडं बघितलं. बोट ठेवायचं, बस्स. खणून होईपर्यंत लग्न उरकलं असतं.

"अप्पा, हे वीज दाखवतंय. पाणी न्हाई."

"मंग इतकं वझं कशाला आणलाव?" मलप्पा उठला, त्याच्यामागं गाव उठलं.

दारातून रुद्राणी म्हणाली, "ती मूठ फिरतीय कशाला?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तर तो आला होता. मूठ खाली वळवली की पेटीला टेकू होतो, पडदा डोळ्यांसमोर येतो. मागच्या खुंट्यांना वायर गुंडाळायची. त्याच खुंट्यांवर पेटी उभीही राहते. बाकीच्या तारा पुढच्या झाकणात.

"समद्याचा इचार केलाय," ती म्हणाली. "उचलणाऱ्याचा सोडून."

"तेवढा राहिलाय."

तिनं एका हातानं पेटी उचलून बाजेवर ठेवली. "टँकरच्या घागरीपरीस हलकीच हाय की."

भीमाशंकर खांदा चोळत होता. त्यानं हात हळूच खाली घेतला.

एस.टी.ची वेळ झाली तरी सुपारीचं नाव निघेना. तो मुठीला वाकला, तर गुरुबसप्पांचा हात आधीच तिथं.

"ऱ्हाऊ द्या अप्पा, मी घेतो."

"आमच्यात जावयाला वझं उचलू देत न्हाईत."

वाटेत मलप्पानं ओट्यावरून हाक मारली, "काय गुरुबसप्पा, लागलं का पाणी?"

"न्हाई," म्हणाले, आणि पेटी दुसऱ्या हातात घेतली.

मुरुडला पाणी मिळालं नाही. भीमाशंकरला रुद्राणी मिळाली. खांदा गेला तो गुरुबसप्पांचा.